काळी माती, पांढरा कापूस आणि जुना कॅमेरा

मानवत तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबांत दोन भिंगांचा एक जुना कॅमेरा आहे. आजोबांनीं तो आपल्या उमेदीच्या काळांत घेतला होता. कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुट्टींत नातवानें त्याची धूळ झाडली, बाजारांतून बॅटरी आणून बसविली, कृष्णधवल फिल्मचा एक रोल मागविला आणि कापसाच्या वेचणीच्या वेळीं आजोबांस शेतांत उभें करून बाराही चित्रें काढलीं. फिल्म धुऊन आली तेव्हां अकरा निगेटिव्ह जवळजवळ कोऱ्या कांचेसारख्या निघाल्या. एकच तेवढी चांगली उतरली. पुढच्या वेचणीपर्यंत आजोबा राहिले नाहींत. ती फिल्म आमच्यापुढें ठेवून मुलानें विचारलें, “सर, चूक माझीच ना?”

अशा प्रश्नास धीराचे दोन शब्द बोलून वाटेस लावणें सोपें असतें. परंतु निगेटिव्ह हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे, व त्याची साक्ष घेतल्याखेरीज निकाल देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. फिल्मच्या कडेस जे आंकडे व अक्षरें असतात तीं कारखान्यांतच प्रकाशानें उमटविलेलीं असतात. त्यांचा कॅमेऱ्याशीं कांहीं संबंध नसतो. तीं गडद येतात कीं फिकीं, हें धुण्यावर अवलंबून असतें. कडेचे आंकडे व चित्र दोन्ही फिकीं असलीं तर धुण्यांत उणीव राहिली असें समजावें. आंकडे ठसठशीत आणि चित्र मात्र विरळ असेल, तर फिल्मवर प्रकाशच कमी पडला. या फिल्मचे आंकडे काळेभोर होते. तेव्हां धुणारा निर्दोष ठरला आणि चौकशी कॅमेऱ्याकडे वळली.

आतां प्रकाशमापक यंत्र म्हणजे काय, हें थोडें पाहिलें पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी कीं तें यंत्र समोरची वस्तु ओळखतें. वस्तुतः त्यास माणूस, माती, कापूस यांतील कांहींच कळत नाहीं. आपणाकडे परत आलेला प्रकाश तेवढा तें मोजतें आणि समोर जें आहे तें मध्यम करड्या रंगाचें आहे असें गृहीत धरून हिशेब सांगतें. (छायाचित्रकार तुलनेसाठीं जें करडें कार्ड वापरतात तें शेंकडा १८ प्रकाश परत फेकतें.) समोर पांढरा कापूस पसरला असेल तर यंत्रास वाटतें, अहो, केवढा हा प्रकाश! आणि तें छिद्र बारीक करावयास लावतें. कापूस करडा होतो आणि त्यांत उभ्या राहिलेल्या सावळ्या माणसाचा चेहरा काळोखांत जातो. नांगरलेल्या काळ्या रानासमोर नेमकें उलट घडतें. तेथून प्रकाश फारच थोडा परत येतो, यंत्र छिद्र मोठें करावयास सांगतें आणि चेहरा पांढराफटक पडतो. आमच्या परभणी जिल्ह्यांत तर हे दोन्ही फसवे रंग एकाच बांधाच्या दोन बाजूंस पसरलेले असतात! त्यांत पांढरें धोतर आणि पांढरा फेटा यांची भर पडली म्हणजे यंत्राची पुरतीच दिशाभूल होते.

एवढ्यानें अकरा चित्रें इतकीं विरळ होणार नाहींत, असें आम्हांस वाटलें. म्हणून बॅटरी काढून पाहिली, आणि दुसरा दोष हातीं लागला. त्या काळच्या अनेक प्रकाशमापकांस पाऱ्याची बॅटरी लागे. तिचा दाब १.३५ व्होल्ट असे व तो अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राही. पारा विषारी असल्यामुळें त्या बॅटऱ्या बंद झाल्या. आज त्याच आकाराची जी साधी बॅटरी मिळते ती १.५ व्होल्टची असते. अधिक दाबानें कांटा अधिक सरकतो, यंत्रास प्रकाश आहे त्याहून जास्त भासतो आणि फिल्मला कमी मिळतो. कांहीं कॅमेऱ्यांच्या विद्युत्‌मंडलाची रचनाच अशी असते कीं त्यांस या फरकाची बाधा होत नाहीं. या कॅमेऱ्यास ती होत होती. यावर उपाय सोपा आहे. कानाच्या यंत्रांत घालतात त्या जस्त-वायूच्या बॅटरीचा दाब जुन्या बॅटरीच्या अगदीं जवळचा असतो. ती कांहीं महिनेच टिकते, पण खरें बोलते.

बॅटरी मुळींच न लागणारे प्रकाशमापकही पुष्कळ घरीं सांपडतील. त्यांत सेलेनियमचा पत्रा असतो व त्यावर प्रकाश पडतांच स्वल्प वीज उत्पन्न होते. वेस्टन कंपनीचीं अशीं यंत्रें १९३२ सालापासून प्रसिद्धीस आलीं. वयानें व दमट हवेनें हा पत्रा मंद होतो. मग यंत्र प्रकाश कमी दाखवितें आणि निगेटिव्ह गरजेपेक्षां दाट येते. शटरमधील जुनें तेल घट्ट झालें तरी परिणाम तोच. एका सेकंदाचें शटर दोन सेकंद रेंगाळलें, तर तें फिल्म घालण्यापूर्वीं घड्याळाशीं ताडून कळतें.

हीं यंत्रें नव्हतीं तेव्हां काय करीत असत? हैदराबाद संस्थानांत लाला दीनदयाळ यांनीं निजामाच्या दरबाराचीं चित्रें घेतलीं; दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं लोकांपुढें आला. त्या काळीं विजेचा प्रकाशमापक कोणापाशींच नव्हता. सराव आणि डोळा हेंच मापक! त्या सरावाचें सार एका नियमांत सांगतां येतें. निरभ्र उन्हांत छिद्राचा आंकडा १६ ठेवावा आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाइतका घ्यावा. १०० वेगाच्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा कॅमेऱ्यावर असतो तो सव्वाशेवा. विरळ ढग आले तर ११, आभाळ भरून आलें तर ८, मोकळ्या सावलींत ५.६ किंवा ४.

याच नियमानें यंत्राची परीक्षाही होते. हिवाळ्यांतील स्वच्छ दुपारीं आपला तळहात उन्हांत धरून त्याचें माप घ्यावें आणि छिद्र एक पायरी मोठें करावें, कारण तळहात करड्या रंगाहून सुमारें एक पायरी उजळ असतो. उत्तर १६ च्या आसपास आलें तर यंत्र ठीक आहे. २२ किंवा ३२ आलें तर बॅटरीवर संशय घ्यावा. ११ किंवा ८ आलें तर पत्रा थकला आहे. शेतांत चित्र काढतांनाही कापसाकडे वा मातीकडे न पाहतां याच तळहाताचें माप घ्यावें. मे महिन्याच्या मध्यास मात्र आमच्याकडे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि फेट्याखालीं डोळ्यांच्या जागीं नुसत्या खोबणी दिसतात. त्यास कोणतेंच यंत्र उपाय सांगत नाहीं. सकाळीं लौकर जावें हें बरें.

राहिली ती बारावी निगेटिव्ह. तींत आजोबा वेचणीचें पटाळ सोडून पलीकडच्या नांगरलेल्या रानांत ढेकळांवर बसले आहेत, आणि चौकट काळ्या मातीनें भरली आहे. बॅटरीनें प्रकाश कमी करावयास सांगितलें, मातीनें वाढवावयास सांगितलें, आणि दोन चुकांनीं एकमेकींस खोडून काढलें. मुलास आम्हीं हें समजावून सांगितलें, तेव्हां तो बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला कीं त्या रानांत बसण्याचा हट्ट आजोबांचाच होता. उभें राहून पाय दुखले होते.