हरभऱ्यावरची जागल

हरभरा घाट्यावर आला की सेनगाव तालुक्यातल्या गोरेगाव शिवारात बरीच माणसं रात्री घरी झोपत नाहीत. जेवण उरकलं की घोंगडी, बॅटरी नि काठी घेऊन रानडुकरं हाकलायला जागलीला निघतात. असाच मीही एका काकांबरोबर त्यांच्या माळ्यावर बसलो होतो.

माळ्यावर चढण्याआधी काकांनी चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. रानडुकराची नजर मंद, पण नाक फार तिखट. वारा माणसाकडून शेतालगतच्या नाल्याकडे वाहत असला, तर कळप तिथल्या वेड्या बाभळीतच थबकतो आणि दुसऱ्याच बांधाने शिरतो. म्हणून अधूनमधून डबा वाजवत पूर्ण धुरा फिरायचा. माद्या-पिल्लं कळपाने येतात. मोठा नर बहुधा एकटा असतो, आणि धोका त्याचाच. "त्याची वाट अडवायची न्हाई. पळायला जागा ठिवूनच हाकलायचं," काकांनी बजावलं. उजाडल्यावर मुस्कटाने उकरलेली जमीन दिसली. डुक्कर खातं त्याहून तुडवतं जास्त, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

शेजारच्या शेतात सौर झटका मशीन होतं. त्यातून कुंपणाच्या तारांत प्रवाह थांबून-थांबून येतो. जनावर दचकतं, मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी आणि तिच्याखालचं गवत सतत कापायला हवं, नाहीतर झटका गवतातच उतरतो.

मारायचं म्हटलं, तर कायदा पाहावा लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. रानडुक्कर आज त्याच्या अनुसूची 2 मध्ये आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारण्याची लेखी परवानगी कलम 11 खाली देता येते. पण मारलेलं जनावर शासनाच्या मालकीचं. शिवाय परवान्याची बंदूक किती कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरी असते? न्यूझीलंडमध्ये संरक्षित सरकारी जमिनीवर रानटी शेळ्या-डुकरं मारायला हौशी शिकाऱ्यांना मोफत परवाने मिळतात. तिथे ही जनावरं माणसाने नेलेली, मूळच्या जंगलाच्या मुळावर उठलेली. आपलं डुक्कर इथलंच आहे, वाघ-बिबट्याचं भक्ष्य आहे. त्यामुळे तिकडचा हौशी शिकारीचा मार्ग इथे चालणार नाही. मात्र शेतकऱ्याला नुसता कागद देऊन भागत नाही. परवानगी दिली, तर ती अमलात आणणारं प्रशिक्षित पथकही वन खात्यानेच तालुक्याला दिलं पाहिजे. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायचं, वर पहाटेपर्यंत जागायचं, हे ओझं एकट्या कुणब्याने का वाहायचं?

तोवर एवढं करा. तुडवलेलं पीक तसंच राहू द्या, फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत भरपाईसाठी वन खात्याकडे अर्ज द्या. आणि कितीही राग आला तरी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडू नका. त्या तारेला पहिला हात आपल्याच घरच्या माणसाचा लागू शकतो.