धुमसणारी जमीन आणि बालकांचा श्वास

वणवा म्हटला की डोंगरउतारावरून धावणारी ज्वाळांची रांग डोळ्यांसमोर येते. इंडोनेशियातील सुमात्रा व बोर्निओ या बेटांवर मात्र दुष्काळी वर्षांत एक निराळी आग लागते. ती जमिनीच्या पोटात आठवडेच्या आठवडे धुमसते आणि तिचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पोहोचतो. बालरोगतज्ज्ञांनी या आगीची दखल घेणे अगत्याचे आहे. कारण तिची किंमत तान्ह्या आणि गर्भस्थ बालकांनीही मोजली आहे.

या जमिनीला ‘पीट’ म्हणतात. पाणथळ जंगलात पडलेली पाने, फांद्या व मुळे पाण्याखाली प्राणवायूच्या अभावी पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षे त्यांचे थर साचत जातात. काही ठिकाणी ते दहा मीटरहूनही जाड असतात. जगातील जेमतेम ३ टक्के जमीन पीटची आहे. परंतु पृथ्वीवरील सर्व जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून असेल त्याहून अधिक कार्बन तिच्यात साठलेला आहे. या ठेवीचे कुलूप म्हणजे पाणी.

ते कुलूप माणसाने उघडले. १९९० च्या दशकाच्या मध्यास, सुहार्तो यांच्या राजवटीत, मध्य कालिमंतानमधील सुमारे १० लाख हेक्टर पाणथळ प्रदेश भातशेतीखाली आणण्यासाठी हजारो किलोमीटर कालवे खोदले गेले. आम्लधर्मी जमिनीत भात नीट पिकला नाही आणि प्रकल्प काही वर्षांतच गुंडाळावा लागला. कालवे मात्र जमिनीतील पाणी वाहून नेतच राहिले. इतरत्र पामतेल व कागदाचा लगदा यांच्या लागवडीसाठीही असाच निचरा झाला. कोरडे पडलेले पीट आगीवाचूनही कुजते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि जमीन वर्षाला काही सेंटिमीटर खचत जाते. रान साफ करण्यासाठी लावलेली आग अशा जमिनीत शिरली, की ती विझवणे जवळजवळ अशक्य होते.

१९९७ च्या एल निनोच्या अवर्षणात नेमके हेच घडले. त्या वर्षी इंडोनेशियातील पीट व जंगले जळून बाहेर पडलेला कार्बन, जगभर वर्षाकाठी जाळल्या जाणाऱ्या कोळसा-तेल-वायूतून निघणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०१५ मध्ये पुन्हा सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. त्यातील एक-तृतीयांश पीट होते.

धुमसण्यात ज्वलन अपूर्ण राहते. म्हणून कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण विपुल निर्माण होतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शिवाय वजनाच्या मानाने बालक प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते. अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून १९९७ च्या धुराचा माग काढला. त्यांच्या अनुमानानुसार इंडोनेशियात गर्भस्थ, नवजात व लहान मिळून १५,००० हून अधिक बालके या धुराने दगावली. यांतील कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर ‘पीट’ हे कारण लिहिलेले नसणार.

मुखपट्टी व औषधे हा लक्षणांवरचा उपचार झाला. मूळ व्याधी निचऱ्याची आहे आणि उपाय कालवे बुजवून जमीन पुन्हा ओली करण्याचा. त्यासाठी इंडोनेशियाने २०१६ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन केली. तथापि एकदा जळालेला थर पुन्हा साचण्यास शतके लागतात. पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. आपल्या फरसाणाच्या व बिस्किटांच्या पुड्यावरील घटकांच्या यादीतही ते सापडते. ते तेल कोणत्या जमिनीतून आले, हे विचारण्याचा अधिकार ग्राहक म्हणून आपणांस आहे आणि बालकांचे वैद्य म्हणून ते आपले कर्तव्यही आहे.