उलट्या आट्यांचा क्लच

जुनी चेन सॉ चालू केली, रेस दिली नाही, तरी साखळी पट्टीवर सरपटू लागली. अशा वेळी जाणता मेकॅनिक आधी कार्ब्युरेटरचा आयडलिंगचा स्क्रू तपासतो आणि मग क्लचकडे वळतो. इंजिन चालू असताना साखळी जागच्या जागी ठेवणं हे क्लचचं पहिलं काम. साखळी ओढणं त्यानंतरचं.

या कामाचं मोल श्टिलच्या ‘कॉन्ट्रा’मुळे कळतं. आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ साली स्टुटगार्टमध्ये बनवलेली विजेची करवत पेलायला दोन माणसं लागत. १९५९ साली आलेली कॉन्ट्रा पेट्रोलवर चालणारी, सुमारे बारा किलोंची, सहा अश्वशक्तीची, एकट्याने वापरायची. तिच्यात गिअर नव्हते. इंजिनचा वेग जसाच्या तसा साखळीपर्यंत पोचे, आणि दोघांच्या मध्ये असे फक्त क्लच.

ज्यांनी लुना चालवली, त्यांना हा क्लच परका नाही. १९७२ साली आलेल्या कायनेटिकच्या त्या गाडीला क्लचची मूठच नव्हती; रेस दिली की गाडी आपली आपण निघे. इथेही तेच. क्रँकवर हब, हबवर शू, आणि शूंना आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. वेग वाढला की शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घट्ट भिडतात आणि ड्रमवरचं स्प्रॉकेट साखळी ओढू लागतं. वेग दुप्पट झाला, की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. स्प्रिंग सैल पडली किंवा तुटली, तर शू रेस देण्याआधीच ड्रमला जाऊन भिडतात.

क्लच काढायचा तर इंजिन थंड हवं. प्लग, कव्हर, पट्टी, साखळी उतरवायची. आता हब फिरवताना क्रँकही फिरणार; म्हणून पिस्टन अडवावा लागतो. पिस्टनने वर येताना एक्झॉस्टचं तोंड झाकलं, की प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सारायची. घाई केली तर दोरी त्या तोंडात अडकून चिरडते. लोखंडी सळई मात्र कधीच घालू नये. पिस्टनचं डोकं फुटतं.

नवशिक्याची खरी फसगत पुढे होते. बहुतेक चेन सॉंच्या क्लचला उलटे आटे असतात. नेहमीसारखा डावीकडे जोर लावला, की हब आणखी आवळतो. कामाच्या भारानेच तो घट्ट बसत जावा, म्हणून ही योजना. सोडवायचा तो उजवीकडे.

काही मशीनमध्ये ड्रम बाहेर असतो, काहींत आत. म्हणून प्रत्येक वायसर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने फडक्यावर मांडावा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. ड्रमला आतून चर पडली आहे का, निडल बेअरिंग कोरडं आहे का, ते बघावं. स्प्रिंग एक तुटली तरी बदलायच्या सगळ्या. जुनी-नवी जोडी एकसारखं ओढत नाही. बेअरिंगला बोटभर ग्रीस पुरतं. जास्त झालं तर शूंवर उडून क्लच घसरतो.

हब डावीकडे आवळला, दोरी काढली, प्लग आणि साखळी बसवली, कव्हर लावलं, की मशीन चालू करायची आणि रेस न देता बघत राहायचं. इंजिन धडधडत असतं, साखळी ढिम्म हलत नाही. काम जमलं ते इथे कळतं, लाकूड नंतर.