चिखलात रुतलेली जीप आणि चार चाकांचे गणित

किल्लारीच्या आसपासची काळी जमीन ज्याने पावसाळ्यात तुडवली आहे, त्याला चिखल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. चप्पल पायात राहत नाही, सायकलच्या मडगार्डमध्ये माती घट्ट बसून चाक फिरेनासे होते आणि पाणंदीत रुतलेली बैलगाडी काढायला चारचौघांना चाकाला हात लावावा लागतो. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. पाणी मिळाले की ती फुगते, बुळबुळीत होते आणि हाताला लागेल त्याला चिकटून बसते. अशा मातीतही बिनतक्रार चालणारी म्हणून एक गाडी आपल्या खेड्यापाड्यांत प्रसिद्ध होती. ती म्हणजे जीप.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या गोठ्यालगत अशी एक जीप कित्येक वर्षे उभी होती. १९६८ सालची, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना ओढ देता येणारी. कोंबड्यांनी तिच्यात घर केले होते. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हा आजोबा म्हणाले, "गुरुजी, विकायची नाही. १९९३ साली सकाळी हिनंच माणसं दवाखान्यात नेली." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना झालेल्या भूकंपाबद्दल ते बोलत होते. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लोक झोपी गेले होते. नंतरच्या दिवसांत पाऊसही आला आणि वाटांचा चिखल झाला. एवढे ऐकल्यावर भंगाराचा विषय संपला. जीप दुरुस्त करायची ठरली. चाचा मिस्त्री, मी आणि सुट्टीच्या दिवशी येणारी दहावीची चार-पाच मुले असा आमचा कारखाना सुरू झाला.

या कामात भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे इतके धडे हाती लागले, की ते शिक्षक मित्रांपुढे ठेवावेत असे वाटले.

ताकद कमी पडते की पकड?

पहिलाच प्रश्न एका मुलाने विचारला. "सर, बैलापेक्षा इंजिनात कितीतरी ताकद असते. मग मोटारगाडी चिखलात फसते कशी?"

चला, गणित करू. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकेतील विलिस कंपनीच्या जीपगाड्यांची जोडणी सुरू केली. त्या घराण्यातील 'सीजे-३बी' हे मॉडेल आपल्याकडे दीर्घकाळ बनत राहिले. त्याचे इंजिन सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे असून ते जास्तीत जास्त सुमारे १५५ न्यूटन-मीटर पीळ देते. पहिल्या गेअरमध्ये इंजिनाचे २.८ फेरे होतात तेव्हा गेअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा एक फेरा होतो. या शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला सुमारे १५ फेरे मारावे लागतात आणि त्याच प्रमाणात पीळ वाढतो. घर्षणात जाणारा भाग वजा केला आणि चाकाची त्रिज्या ३६-३७ सेंटिमीटर धरली, तर चाके जमिनीला सुमारे ५४०० न्यूटन बलाने मागे ढकलू शकतात.

आता जमिनीकडे पाहू. माणसांसकट जीपचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरू, म्हणजे वजन सुमारे १२,००० न्यूटन. ते पुढच्या आणि मागच्या चाकांवर निम्मेनिम्मे वाटले आहे असे माना. ओल्या मातीवर घर्षणगुणांक ०.३ धरला, तर मागच्या दोन चाकांना मिळणारी पकड ६००० × ०.३ = १८०० न्यूटन. इंजिन ५४०० द्यायला तयार आहे, पण जमीन १८०० पेक्षा जास्त घ्यायला तयार नाही! उरलेली ताकद चाक जागच्या जागी गरगर फिरवण्यात आणि खड्डा खोल करण्यात जाते. दुसरीकडे, चिखल तुडवत पुढे जाण्यासाठी वजनाच्या एक पंचमांश, म्हणजे २४०० न्यूटन बल लागते असे समजू. १८०० मध्ये २४०० चे काम होत नाही. गाडी रुतली.

पुढच्या चाकांनाही ओढ दिली तर? आता सगळे १२,००० न्यूटन वजन पकडीसाठी कामी येते. १२,००० × ०.३ = ३६०० न्यूटन. गाडी निघाली. इंजिन तेच, पेट्रोल तेच. चार चाकांची ओढ गाडीची ताकद वाढवत नाही, ती पकड दुप्पट करते. घर्षणगुणांकाचे आकडे आपण सोयीसाठी धरलेले आहेत. मुलांना ते बदलून गणित पुन्हा करायला सांगावे. कोणत्या आकड्याला चारही चाके हार मानतात, हे त्यांचे त्यांनाच सापडेल.

बैलगाडीच्या चालीने

जीपच्या गेअरबॉक्समागे आणखी एक पेटी असते. मिस्त्री लोक तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिची कामे दोन. पहिले, मागे जाणारी ओढ पुढच्या आसाकडेही पाठवणे. दुसरे, गरज पडल्यास वेग आणखी सुमारे २.४६ पट कमी करणे. म्हणजे १५ ऐवजी इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर चाकाचे २७ होतात. चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर, म्हणजे गाडी मिनिटाला ६२ मीटर, तासाला पावणेचार किलोमीटर चालते. ही बरोबर बैलगाडीची चाल झाली! चिखलात किंवा दगडगोट्यांत चाक हळू फिरणेच हिताचे असते. एकदा ते घसरून गरगरू लागले की पकड आणखी घटते.

हा हळू गेअर पुढच्या चाकांची ओढ जोडल्याशिवाय पडत नाही. वाढलेला सगळा पीळ एकट्या मागच्या आसावर येऊन तो मोडू नये, यासाठी बनवणाऱ्यांनी केलेली ही सोय आहे.

डांबरी रस्त्यावर झालेली फजिती

आता आमच्या फजितीची गोष्ट. जीप पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी आनंदाच्या भरात मी पुढच्या चाकांची ओढ जोडलेलीच ठेवून डांबरी सडकेवर दोन-तीन वळणे घेतली. स्टिअरिंग जड झाले, टायर कुरकुरले आणि ओढ सोडवायचा दांडा जागचा हलेना. चाचा हसून म्हणाले, "सर, दहा पावलं उलटी घ्या." गाडी मागे घेतली आणि दांडा सहज सुटला.

असे का झाले? वळताना बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडते. बैलगाडीत ही अडचण येत नाही, कारण दोन्ही चाके आसावर आपापली फिरतात. मोटारीत इंजिन दोन्ही चाकांना फिरवते, म्हणून त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना लागते. तिला डिफरन्शियल म्हणतात. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी अशी रचना केली होती. जीपमध्ये पुढच्या आसाला एक आणि मागच्या आसाला एक डिफरन्शियल असते.

पण वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षाही जास्त अंतर कापतात. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांत सुमारे २ मीटर अंतर आहे. मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढत असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने पुढच्या आसाची त्रिज्या येते २९ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५.४ मीटर. पूर्ण गोल फेरीत मागची चाके ३१.४ मीटर चालतात, तर पुढची सुमारे ३३.८ मीटर. फरक चाकाच्या एका अख्ख्या फेऱ्याएवढा! जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये हा फरक सामावून घेणारे तिसरे डिफरन्शियल नसते. चिखलात टायर थोडे घसरतात आणि फरक मिटतो. डांबरावर ते घसरत नाहीत, म्हणून सगळा फरक शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो आणि दातेरी चाके एकमेकांत आवळून बसतात. उलटे गेल्यावर पीळ उलगडतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर ही ओढ सोडवून ठेवायची असते.

डिफरन्शियलची एक खोडही सांगायला हवी. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक बुळबुळीत जागी असेल तर त्याला मिळतो तेवढाच थोडका पीळ दुसऱ्यालाही मिळतो. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके घसरू लागली, की चारही चाकांना ओढ असलेली जीपसुद्धा रुतते.

गंज उतरवण्याचा प्रयोग

दुरुस्तीचा क्रम चाचांनी ठरवला. आधी चासी, मग ब्रेक, मग इंजिन आणि रंग सर्वांत शेवटी. हातोडीने चासी ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आवाज आला तर आतून गंजलेले. इंजिन जाम झाले होते. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले, आठवडाभर थांबलो आणि मग पुढून हँडल घालून हलक्या हाताने मागेपुढे करत ते सोडवले. घाई केली असती तर पिस्टनच्या रिंगा मोडल्या असत्या.

ब्रेकचे रबरी भाग सगळे बदलले. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते आणि त्यामुळे आतले सिलिंडर गंजतात. त्या काळच्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकच तेलमार्ग असतो. एके ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जातात. म्हणून यात काटकसर नको. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तिची धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, तेव्हा तिच्याजवळ वेल्डिंग करणे म्हणजे स्फोटाला बोलावणे.

लहान गंजके भाग आम्ही विजेने स्वच्छ केले. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्यावे, दर पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडावी. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. थोड्याच वेळात गंजलेल्या भागावर बुडबुडे येतात. तो हायड्रोजन असतो. काही तासांनी गंज सुटा होऊन ब्रशने निघतो. प्रयोग उघड्या हवेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा, जवळपास विस्तव नसावा आणि बादलीत हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातील क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. स्वच्छ झालेला भाग लगेच पुसून, वाळवून त्याला प्रायमर लावावा, नाहीतर तासाभरात तो पुन्हा तांबूस दिसू लागतो.

उंच करायची की नाही?

मुलांना जीप ऐटबाज हवी होती. मोठे टायर, उंच पाटे, टपावर जाळीचे कॅरिअर. पुन्हा गणित मांडले. टायरचा व्यास ७३ ऐवजी ८० सेंटिमीटर केला, तर चाकाचा प्रत्येक फेरा सुमारे १० टक्के लांब होतो. जमिनीवरची ओढ तितकी घटते आणि वेगाचा काटा ५० दाखवताना गाडी ५५ ने धावत असते. दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १२३ सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल, तर गाडी एका अंगाला सुमारे ४३ अंश कलेपर्यंत उलटत नाही. उंच पाटे आणि टपावरचे ओझे यांनी तो ८० सेंटिमीटरवर गेला, की ही मर्यादा ३८ अंशांच्या आत येते. वेगात वळताना तर याहून कमी कलावरही धोका असतो.

हे सांगताना आजोबा शेजारी बसले होते. त्यांनी समोरच्या पडक्या भिंतीकडे बोट दाखवले. जुन्या घरांच्या जाड भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या होत्या आणि माळवदावर मातीचा जाड थर. भिंतींना धरून ठेवणारे आडवे जोडदगड नव्हते. भूकंपात भिंती फुटल्या आणि वरचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. "वर वजन नको," एवढेच ते म्हणाले. कॅरिअरचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल मनाने करता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, मात्र ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून छोटी जीपसारखी गाडी तयार केली होती. तिचे देशभर कौतुक झाले, पण ती रस्त्यावरच्या नियमांत बसत नव्हती. अखेर २०२२ च्या जानेवारीत महिंद्र कंपनीने तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली.

आम्ही जीप मूळ मापातच ठेवली. रंग लावण्याआधी एकच प्रश्न उरला होता. मागच्या फाळक्याला एक मोठा पोचा होता, तो ठोकून काढायचा का? चाचांनी हातोडी उचललीही होती. आजोबा म्हणाले, "तो त्या दिवसाचा आहे. राहू द्या." त्यावर प्रायमर आणि रंग चढला, पोचा तसाच राहिला.

वर्गात करून पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. सायकलची दोन्ही चाके ओली करा आणि कोरड्या फरशीवर हळू वळण घ्या. दोन वेगळ्या रेषा उमटतील. पुढच्या चाकाची कोणती, हे मुलांना ओळखायला सांगा. दोऱ्याने दोन्हींची लांबी मोजा. माझा दांडा त्या दिवशी का अडकला होता, ते त्यांना फरशीवरच दिसेल.