मॅरेथॉन जिंकणाऱ्या ललिता बाबर अडथळ्यांच्या शर्यतीत का उतरल्या?

छत्रपती संभाजीनगर : शहागंजातून वेरूळ साधारण 30 किलोमीटर. मॅरेथॉन असते 42.195 किलोमीटरची. म्हणजे वेरूळ गाठायचं आणि न थांबता आणखी 12 किलोमीटर पळायचं.

ही शर्यत ललिता बाबर यांनी गाजवली. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातलं मोही हे त्यांचं गाव. घर शेतकऱ्याचं, मुलूख आपल्यासारखाच दुष्काळी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत 2012, 2013 आणि 2014 असा सलग तीनदा त्यांचा पहिला नंबर आला.

एवढं नाव झालेलं असताना त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेस धरली. यात 28 वेळा जड लाकडी अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पाय अडकला तर अडथळा पडत नाही, माणूस पडतो. मॅरेथॉनचा दम इथं शेवटच्या फेऱ्यांत कामी येतो, पण वेग आणि उडी मेहनतीनं कमवावी लागते.

2014 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, 2015 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत त्यांनी 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. पदक हुकलं, पण पी. टी. उषा यांच्या 1984 च्या फायनलनंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय महिला.

भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरापोरींनी यातून एवढं घ्यावं : आधी दम कमवा, वेग मागून येतो.