स्ट्रॉबेरीला अढी नसते

डिसेंबर लागला की पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. महाबळेश्वर-पाचगणीचे पॉइंट बघून झाले की मुलांचा हट्ट सुरू होतो, स्ट्रॉबेरीच्या शेतात चला. भिलार परिसरातले काही शेतकरी पैसे घेऊन पाहुण्यांना शेतात येऊ देतात. फळं आपल्या हातांनी तोडायची, वजन करून घरी न्यायची. सहकुटुंब जायला फार छान जागा आहे ही! पण वाफ्यापाशी पोचण्याआधी मुलांना (आणि त्यांच्या वडिलांनाही) एक गोष्ट सांगून ठेवावी.

आंबा पाडाला लागला की उतरवून अढीत घालता येतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. झाडावरून तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढायची नाही. हे फळ टोकाकडून लाल होत देठाकडे जातं. देठाखाली पांढरं दिसत असेल तर ते राहू द्यावं. दूरच्या बाजाराला जाणारा माल वाटेत टिकावा म्हणून थोडा आधीच तोडावा लागतो. मुंबईत घेतलेली स्ट्रॉबेरी आंबट का लागते आणि शेतातली गोड का, त्याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

फळ ओढू नये. ओढलं की सगळा घोस हातात येतो, त्यात पुढच्या आठवड्यांची फुलं आणि हिरवी फळं असतात. फळाच्या वर अर्धा इंच देठ नखानं खुडावा, हिरवी टोपी फळालाच राहू द्यावी. चालायचं ते सरीतून. गादीवाफ्यावरच्या प्लॅस्टिकखाली ठिबकची नळी आणि वरवरच पसरलेली मुळं असतात. पावसाळा सरताना लावलेली ही रोपं एप्रिलच्या सुमारास संपतात. शेतकऱ्याची वर्षाची कमाई त्या चार-पाच महिन्यांत व्हायची असते. त्यात अवकाळी पाऊस आला तर फळावर बुरशी ठरलेलीच.

वेडंवाकडं फळ दिसलं तर मुलांना जरूर दाखवा. आपण ज्यांना बिया म्हणतो ते स्ट्रॉबेरीवरचे दाणे ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं खरी फळं आहेत, आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ! परागकण पोचले तर दाणा भरतो आणि त्याच्याभोवतीचा गर वाढतो. जिथं ते पोचत नाहीत, तिथं फळ आखडतं. म्हणून मधमाश्या भरपूर असल्या की फळं सुडौल येतात.

तोंडात टाकण्यापूर्वी अलीकडे फवारणी कधी झाली, हे शेतकऱ्याला विचारावं. विचारण्यात संकोच कसला? आणि फळ धुऊनच खावं. घरी न्यायची फळं मात्र तिथं धुऊ नयेत, ओली फळं लवकर सडतात. उथळ डब्यात एकाच थरात ठेवावीत, दोन दिवसांत संपवावीत. उरलीच तर साखर घालून जॅम करावा.