शब्द तोच, घाव वेगळा

"काय रे, डोळे घरी ठेवून आलास काय?" हे एकच वाक्य बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी एकाच आठवड्यात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा ज्याला ते ऐकावं लागलं तो खो खो हसला आणि "तुझ्याच घरी राहिलेत बघ की" म्हणून कामाला लागला. दुसऱ्याने हातातला पाना टेबलावर आपटला आणि पुढचे दोन दिवस चकार शब्द बोलला नाही. बोलणारा दोन्ही वेळी तोच होता.

त्या कारखान्याच्या हिशेबखात्यात मी सत्तावीस वर्षं काढली. माझं टेबल स्टोअरच्या खिडकीला लागून होतं, त्यामुळे मशीन शॉपमधलं बोलणं नको म्हटलं तरी कानावर यायचं. हसलेला आणि बोलणारा दोघेही येळ्ळूरचे, एकाच मोटारसायकलवरून येणारे. पाना आपटणारा तपासणी खात्यातला. त्या दोघांचा संबंध फक्त नापास मालापुरता.

लिन अँडरसन आणि क्रिस्टिन पिअर्सन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासक बाईंनी १९९९ साली कामाच्या ठिकाणच्या तुसडेपणावर एक लेख लिहिला होता. अशा बोलण्यात दुखावण्याचा हेतू होता की नव्हता, हे स्पष्ट नसतं, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. मला हे फार पटतं. शिवी दिली तर प्रश्नच नाही. पण तिरकस बोलणं, उत्तर न देता पुढे जाणं, फोन आपटणं, याचा अर्थ ऐकणाऱ्यालाच लावावा लागतो. तो अर्थ तो कशावरून लावणार? त्या माणसाशी आपलं काय नातं आहे, त्यावरूनच की!

आमच्याकडे पूर्वी दहाचा चहा सगळ्यांना एकत्र मिळायचा. शेडखाली उभं राहून कुणाच्या घरी काय चाललंय ते आपोआप कळायचं. तपासणीतल्या एकाच्या आईचं डायलिसिस चालू होतं. त्या दिवसांत तो कुणावर खेकसला, तर "जाऊ दे, आज दवाखान्याचा दिवस हाय त्याचा" असं म्हणून माणसं सोडून द्यायची. पुढे मशीन बंद राहू नयेत म्हणून चहाच्या वेळा वेगळ्या केल्या. मशीन शॉपला पावणेदहा, तपासणीला सव्वादहा. हिशेबाने ते बरोबरच होतं. पण त्यानंतर ही दोन खाती भेटायची ती नापास मालावरच्या लाल रंगाच्या ठिपक्यापाशीच. वर्षभरात "आमचे" आणि "तिकडचे" अशी भाषा सुरू झाली.

याची किंमत एकदा रोख मोजावी लागली. मशीन शॉपमध्ये डिप्लोमा झालेली एक शिकाऊ मुलगी होती. तिच्या लक्षात आलं, की आपला गेज ज्या भोकात अडतो त्यात तपासणीचा गेज अलगद उतरतो. म्हणजे तिकडचा गेज झिजला असणार. पण चार दिवसांपूर्वीच तिने तिथे काही विचारलं, तेव्हा "मशीनवाल्यांनी आम्हाला शिकवू नये" असं सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं होतं. ती गप्प राहिली. माल पुण्याला गेला, शाफ्ट भोकात जाईना, सगळा लॉट परत आला. जाण्यायेण्याचं भाडं मीच खर्ची टाकलं. गेज वेळेवर का तपासला नाही याची चौकशी झाली. पण ती मुलगी गप्प का राहिली, हे कुणी विचारलं नाही. मला ते समजलं तेही ती विद्यावेतन घ्यायला टेबलापाशी आली तेव्हा.

हे फक्त लोखंडाच्या कामात घडतं असं समजू नका. इस्राएलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. आजारी बाळाचा प्रसंग सरावासाठी उभा केला होता. काही पथकांना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने सौम्यसे अपमानकारक शब्द ऐकवले, आणि तेही त्यांच्या कामाबद्दल नव्हते. तेवढ्याने त्या पथकांचं निदान आणि उपचार दोन्ही घसरले. माहिती एकमेकांना सांगणं आणि मदत मागणंही कमी झालं.

मग सगळे एकत्र बसले, डबे वाटून खाल्ले की झालं? तसंही नाही. टोळी जितकी घट्ट, तितका बाहेरच्याला काटा जास्त, असंही मी पाहिलंय. आमच्या भागात कन्नड बोलताना मानाने 'री' लावतात, बर्री, हौद्री. एकमेकांना जपून 'री' लावणारी तीच माणसं कंत्राटी पोरांना मात्र नुसतं "ए" म्हणायची. आत थट्टा चालते म्हणून बाहेरच्यानेही ती हसून घ्यावी, ही अपेक्षा मला कधीच पटली नाही. साहेबांच्या तोंडाविषयी तर काय बोलावं? वरून जो सूर लागतो तोच खाली उतरत जातो.

लॉट परत आल्यावर नव्या मॅनेजरने तपासणीचं एक टेबल उचलून मशीन शॉपमध्ये आणून ठेवलं. चहाच्या वेळा त्याला बदलता आल्या नाहीत. लाल ठिपके पूर्वीइतकेच पडत होते, पण ठिपका द्यायच्या आधी "हे बघ, इथं अडतंय" म्हणून जॉब हातात दिला जाऊ लागला. आरडाओरडा थांबला नाही. तो होताच, फक्त दोन दिवसांचे अबोले कमी झाले. कंत्राटी पोरांना मात्र मी निवृत्त होईपर्यंत "ए" अशीच हाक होती.